निळ्या शब्दांचा उन्हाळा

मार्च निम्मा सरला की आमच्या कॉलेजमागच्या कडुनिंबांना मोहर येतो आणि तो कडवट-गोड वास परीक्षेच्या वर्गांत शिरतो. दाराशी दप्तरांचा ढीग, बाकांवर खडूनं लिहिलेले क्रमांक, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. मी पर्यवेक्षक म्हणून ओळींमधून फिरत असते. नळाला पाणी यायचा दिवस असला की अर्ध्या पोरी पहाटेपासून हंडे-बादल्या भरून आलेल्या असतात. पेपर हातात पडला तरी त्यांच्या बोटांची टोकं सुरकुतलेलीच. बाहेर फाटकाशी टरबुजांची गाडी लागते. चिरलेल्या फोडींवर माश्या, आणि माश्यांवर ऊन.

यंदा अकरावीच्या पेपरात पुन्हा तो प्रश्न होता. खालील मुद्द्यांवरून कथा लिहा. गरीब मुलगी – अभ्यासात हुशार – घरची अडचण – जिद्द – यश. शीर्षक द्या. तात्पर्य लिहा.

वर्गातल्या सगळ्या माना खाली गेल्या आणि मुली त्या गरीब मुलीला सरळ रेषेत यशापर्यंत नेऊ लागल्या. मी खांद्यावरून वाचत गेले. एकीनंही तिला रस्त्यात थांबू दिलं नव्हतं. घरची अडचण एका वाक्यात आली आणि दुसऱ्यात संपली. मला संताप आला. दर वर्षी येतो. अडचण म्हणजे कोण? आई? बाप? स्थळ घेऊन आलेला मामा? मोटारसायकलीची चावी खिशात ठेवून ‘चाक बसलंय’ म्हणणारा भाऊ? अडचणीला नाव नाही, तोंड नाही. दोन आडव्या रेघांच्या मधे ती गुपचूप बसलेली असते, आणि जिद्द तेवढी मुलीनं करायची.

असा संताप आला की मला सारिकाचा उन्हाळा आठवतो.

सारिका माझी वर्गमैत्रीण. एम.ए. मराठीची दोन वर्षं आम्ही सिडकोत एका खोलीत काढली. मी चितेगावची, वडील शेती सांभाळून कंपनीत पाळ्या करणारे. ती खुलताबादच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. घरची मेंढरं. तिचे वडील, आबा, दिवाळीनंतर कळप घेऊन पैठणच्या बाजूला गोदाकाठी उतरायचे ते पावसाच्या तोंडाशी परत यायचे. खोलीत माझा पलंग खिडकीशी, तिचा दाराशी. “मला दार दिसत असलं की झोप येती,” असं ती म्हणायची.

आम्हाला अभ्यासक्रमात एक घटक होता, इलेक्ट्रॉनिक साहित्य. अरेषीय, परस्परसंवादी कथनात घटनांचा क्रम लेखक एकटा ठरवत नाही. वाचक आपल्या निवडीनं कथा घडवतो आणि सहलेखक बनतो. ही व्याख्या आम्ही गाइडातून पाठ केली. सरांनी ती फळ्यावर लिहिली, ‘परस्परसंवादी’ या शब्दाखाली दोन रेघा मारल्या, आणि कुणीही कुणाशी संवाद न करता तास संपला.

सारिकानं हात वर केला. “सर, अशी एखादी गोष्ट दाखवता का?”

“दाखवायला कशाला पाहिजे? व्याख्या येते ना? उदाहरणं विचारत नाहीत परीक्षेला.”

मराठीत साहित्य म्हणून शिकवायची गोष्ट, आणि ती एकदाही न पाहता तिच्यावर उत्तर लिहायचं! पोहणं शिकवणाऱ्यानं काठावर उभं राहून पाण्याची व्याख्या सांगावी, तसं. मी चिडून वही मिटली. सारिका चिडली नाही. तिनं शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी अशी गोष्ट स्वतःच करायला घेतली.

एप्रिलचं ऊन तेव्हा भिंतीतून आत यायचं. कूलरमधल्या वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास, आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसलेली सारिका. जुन्या बाजारातून घेतलेला लॅपटॉप वायर लावल्याशिवाय चालत नसे; लाइट गेली की गोष्टही जायची आणि ती कपाळाला हात लावून बसायची. अशा गोष्टी बनवायची, फुकट मिळणारी एक प्रणाली तिनं शोधून काढली होती. ती उमजून घ्यायला तिला सारा हिवाळा लागला. पडद्यावर काळ्या अक्षरांत चार-सहा ओळी दिसायच्या. त्यांतले थोडे शब्द निळे. त्यांतल्या एका निळ्या शब्दावर बाण नेऊन बोटानं दाबलं की एक पान उघडायचं, आणि दुसऱ्या निळ्या शब्दावर दाबलं की दुसरंच. मागं फिरायची सोय तिनं मुद्दाम ठेवली नव्हती. चुकलं तर पहिल्यापासून सुरुवात.

गोष्ट तिच्या थोरल्या बहिणीची होती, सिंधूताईची. खरी. सिंधूताई बारावीला होती, परीक्षेचं केंद्र खुलताबादला. इतिहासाच्या पेपरच्या दिवशीच तिला बघायला पाहुणे आले. पाहुण्यांनी पसंत केली, दुपारी कुंकू लागलं, आणि तो पेपर तर गेलाच, पुढचेही गेले. एवढंच. वस्तीवर कुणी विचारलं तर सगळे सांगत, “तिच्या नशिबात शिक्षण नव्हतं.” सारिकाला या एका वाक्याचा भयंकर राग होता.

तिच्या गोष्टीत वाचणारा आधी आई असे. चूल पेटलेली, पोरगी वेणी घालून उभी. तुम्ही ‘डबा भर’ दाबायचं की ‘आजच्या दिवस ऱ्हा घरी’? मग वाचणारा भाऊ होई. ‘गाडी काढ’ की ‘चाक बसलंय म्हण’? मग स्थळ आणणारा मामा. मग परीक्षेच्या वर्गातला मास्तर, ज्याला एक बाक रिकामा दिसतो. तो घरी फोन करतो, की गैरहजर लिहून पुढं सरकतो? आणि हे सगळं एकमेकांत गुंतलेलं. आईनं डबा भरला पण भावानं गाडी काढली नाही, तर पुढच्या पानावर तो डबा खुंटीला लटकलेला दिसायचा. डबा भरलाच नाही, तर खुंटीचा उल्लेखच येत नसे. सगळ्यांनी एकाच सकाळी बरं वागायचं ठरवलं, तरच सिंधू पेपरला पोचायची.

मी ती गोष्ट वाचली तेव्हा भावाच्या पानावर अडून बसले. आमच्याकडं चितेगावला हे सगळं जरा इस्त्री करून चालतं. “पेपर काय, पुढच्या वर्षीही देता येतो, असं स्थळ पुन्हा येत नाही,” असं गोड बोलून माझ्या चुलतबहिणीला घरात बसवलं होतं, आणि तिच्या साखरपुड्याचे फोटो सगळ्यांनी कौतुकानं एकमेकांना पाठवले होते. आमचं शेत, आमची नोकरी, आमचं सोफासेटचं घर. निळे शब्द मात्र तेच.

“सारे, हे दाबवत नाही गं,” मी म्हणाले.

“तेच पाहिजे मला,” ती म्हणाली. “पुस्तकात पान उलटलं की झालं. हितं तुझ्या बोटानं होतंय.”

मेमध्ये तोंडी परीक्षा झाली. विभागाच्या खोलीत बाहेरून आलेले परीक्षक टेबलामागं बसलेले, शेजारी आमच्या विभागप्रमुख मॅडम. सारिकानंतर माझा क्रमांक होता, म्हणून मी दाराशी खुर्चीवर होते. लस्सीचे पेले रिकामे झाले होते. मुलांचे प्रबंध स्पायरल करून रचून ठेवलेले, प्रत्येकाच्या वर पारदर्शक प्लास्टिक. सारिकानं त्या थप्पीशेजारी लॅपटॉप उघडला आणि वायर लावायला जागा शोधू लागली.

“हे काय?” परीक्षकांनी विचारलं.

“गोष्ट आहे, सर.”

“मग पानं कुठायत?”

“यातच आहेत. तुम्ही आई आहात, सर. वाचा, आणि त्या निळ्या शब्दांतला एक दाबा.”

“मी आई?” ते हसले. मॅडमही हसल्या. सरांनी चष्मा वर सरकवून वाचलं आणि फारसा विचार न करता दाबलं, ‘आजच्या दिवस ऱ्हा घरी’. पुढच्या पानावर सिंधूनं गणवेश उतरवून आईची साडी नेसली. मग पाहुण्यांच्या गाडीचा आवाज आला. मग तिनं पोह्यांच्या बश्या उचलल्या. मग काही नाही. पडदा पांढरा झाला.

“संपली?”

“हो, सर.”

“एवढीच? एम.ए.ला?”

“सर, तुम्ही तिला घरी ठेवलं. म्हणून संपली.”

सरांचा चेहरा बदलला. “मी कुठं ठेवलं? लिहिलंयस तू.”

“मी दोन्ही लिहिलंय, सर. बोट तुमचं होतं.”

ती उद्धटपणे बोलली नाही, हे मी आजही कुणासमोरही सांगेन. घरी सांगतो तसं तिनं सांगितलं. पण सर भडकले. “उद्या दुसरा परीक्षक दुसरा शब्द दाबेल. मग गुण कुठल्या कथेला द्यायचे? साहित्याला शिस्त असते, बाई. आदि, मध्य, अंत. आणि आईला असं आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं आपल्या संस्कृतीत बसत नाही.” निकाल तिथंच लागला. गोष्ट सरळ, क्रमानं, एका शेवटासह छापून, पानांना क्रमांक देऊन, बांधून आणायची. नाहीतर प्रकल्प अपूर्ण.

बाहेर व्हरांड्यात मॅडमनी सारिकाच्या पाठीवर हात ठेवला. “बेटा, त्यातला एक छानसा शेवट निवड ना. ती पेपरला पोचते तो. सकारात्मक वाटेल. स्पायरल करून टाक, विषय संपला.”

मला राहवलं नाही. “मॅडम, वाचक सहलेखक असतो हे तुमच्याच विभागानं आम्हाला शिकवलं. ते खोटं होतं का?”

“खोटं कसं असेल? पण शिकणं वेगळं आणि सादर करणं वेगळं.”

एवढं बोलून त्या आत गेल्या. मला ते वाक्य अजून जाळतं. मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनीच तर सारिकाची फी दोनदा पुढं ढकलून घेतली होती. पण छानसा शेवट निवड म्हणजे काय? सिंधू पोचली नव्हती. ती पोचली असं छापलं, तर आई चांगली, भाऊ चांगला, मामा चांगला, मास्तर देवमाणूस. कुणाला काही विचारायलाच नको. ती घरी राहिली असं छापलं, तर तिचं नशीब. यांतली कुठलीही एक वाट बांधून घ्या, वर प्लास्टिक लावा, सगळे सुटले. दोन्ही वाटा शेजारी असल्या तरच बोटाला चटका बसतो, आणि नेमका तो चटका कुणालाच नको होता.

सारिकाला पदवी हवी होती. पदवीशिवाय पुढची नोकरी नव्हती. शेवटी म्हणाली, “गोष्ट ताईची हाय. तिला विचारते. ती म्हणली छाप, तर छापते.”

सिंधूताई उन्हाळ्यासाठी माहेरी आली होती. आम्ही एस्टीनं निघालो. खिडकीची पट्टी हात लावू देत नव्हती इतकी तापलेली. दौलताबादचा घाट चढताना सगळी झाडं राखेच्या रंगाची दिसत होती, मधेच एखादा गुलमोहर तेवढा लाल. खुलताबादला उतरून जीप धरली. वस्तीवर पत्र्याचं घर, दारात कडुनिंब, ओल्या फडक्यानं झाकलेला पाण्याचा ड्रम. कळप गोदाकाठी गेलेला असला तरी वाड्यातला लोकरीचा उग्र वास तिथंच होता. सारिकाची माय बाजेवर जुनं लुगडं पसरून त्यावर कुरडया घालत होती. कोपरापर्यंत गव्हाचा चीक.

सिंधूताई माझ्यापेक्षा फार मोठी नव्हती. अंगानं बारीक, आवाज मात्र भरदार. सारिकानं गोष्ट फोनवर घेतली होती; भीत भीत तिनं तो ताईच्या हातात दिला आणि कसं दाबायचं ते सांगितलं. ताई निंबाखाली भिंतीला टेकून बसली. पहिल्यांदा तिनं सगळं चांगलं दाबलं. सिंधू पेपरला पोचली, तिनं लिहायला सुरुवात केली. ताईच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. ती पुन्हा पहिल्यापासून गेली. या वेळी मायला ‘ऱ्हा’ म्हणायला लावलं. मग पुन्हा. भावाला, मामाला, मास्तरला, सगळ्यांना तिनं दोन्ही बाजूंनी वागवून पाहिलं. चुलीवरचा चहा उकळून आटला तरी ती वाचतच होती. सारिका नखं कुरतडत होती.

शेवटी ताईनं फोन मांडीवर ठेवला. “सारे, ह्यात माझा निळा शब्द कुठाय?”

सारिकाला कळलंच नाही. “तुझीच तर गोष्ट हाय, ताई.”

“गोष्ट माझी हाय. पर दाबायला मायला दिलं, मामाला दिलं, त्या मास्तरला बी दिलं. मला कुठं दिलं?”

“तुला त्या दिशी कुणी विचारलं व्हतं का? म्हणून नाय दिलं. तेच तर दाखवायचं व्हतं मला.”

“त्यांनी नाय विचारलं,” ताई म्हणाली. “तू तरी विचारलं का?”

सारिकानं फोन घ्यायला हात पुढं केला, पण ताईनं तो सोडला नाही.

“तुझ्या समद्या वाटांवर मी नुसती उभी हाय. कुणी हाकललं की हिकडं, कुणी हाकललं की तिकडं. मी काय मेंढरू व्हते का? लई राग येतोय मला तुझा.” तिचा आवाज चढला. “त्या दिशी तुमचं पोह्याचं चाललं व्हतं, तवा मी हॉलतिकीट झंपरात खुपसलं आन् मागच्या अंगानं सडकंला लागले. एस्टी आली. थांबली. कंडक्टर म्हणला, चल पोरी, पेपर हाय ना? पायरीवर पाय ठेवला व्हता मी.”

“मंग?” सारिकानं कसंबसं विचारलं.

“मंग खाली घेतला.”

“कामून?”

“पाव्हण्यांसाठी आबा कळप सोडून घरी आला व्हता. मी गेले असते तर त्यांच्याम्होरं त्याची इज्जत गेली असती. आन् आबानं मला नसतं मारलं. मायला मारलं असतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मला म्हाईत व्हतं. मी इचार केला आन् माघारी आले. ते माझं मी ठरवलं, सारे. तेवढं एकच त्या दिशी माझं व्हतं. ते बी तू काढून घेतलं.”

बाजेकडून आवाज आला नाही म्हणून मी वळून पाहिलं. मायचा सोऱ्या हातात तसाच थांबला होता, आणि अर्धवट सुटलेल्या कुरडईची तार लुगड्यावर लोंबत होती.

“मंग खाल्ला असता की मार,” माय म्हणाली.

ताईनं तिच्याकडं मान वळवली, तशी माय पुढं म्हणाली,

“रोज बिनकामाचा खात व्हते. एक दिस कामाचा खाल्ला असता.”

“तूच तर ऱ्हा म्हणली व्हतीस, माय,” ताई म्हणाली. तिचा आवाज आता अगदी बारीक झाला होता.

“म्हणले. भ्याले व्हते. पर तू सडकंला गेलीस, पायरीवर चढलीस, हे मला म्हाईत असतं तर मी हाका मारल्या असत्या, जा म्हणून.” तिनं मनगटानं कपाळावरचे केस मागं सारले, चिकाचा पांढरा पट्टा कपाळावर उमटला. “इतकी वरसं झाली. सांगितलं नाय कुणी.”

तिनं सोऱ्या पुन्हा दाबला. कुरडई वेडीवाकडी पडली.

मी शहराकडं परतताना खिडकीशी बसून चरफडत होते. इतके दिवस माझा राग बाइंडिंगवर होता, पानांच्या क्रमांकांवर, त्या सरांच्या आदि-मध्य-अंतावर. खरोखरची सहलेखक तिकडं निंबाखाली बसलेली होती आणि तिला आधी कुणीच गाठलं नव्हतं. नवऱ्याचा मार बायकोनं रोज खायचा, तो पोरीनं मनातल्या मनात तोलायचा, आणि मग पाय पायरीवरून खाली घ्यायचा. आणि त्याला गावानं नाव काय दिलं, तर नशीब! मायनं लेकीसाठी भ्यायचं, लेकीनं मायसाठी भ्यायचं, आणि ज्याला दोघी भ्यायच्या तो गोष्टीत कुठं दिसतसुद्धा नाही. सारिकानंही त्याला पान दिलं नव्हतं.

ते तिच्याही लक्षात आलं होतं. खोलीवर पोचताच तिनं लॅपटॉप उघडला. “आबाला पान द्यावं लागंल,” ती म्हणाली. बराच वेळ तिला एक ओळही सुचली नाही. मग सुचायला लागलं तसं ती थांबेना. त्या आठवड्यात आमच्या खोलीत पोळ्या मी केल्या, पाणी मी भरलं. ताईला फोन लावून ती एकेक गोष्ट विचारायची: सडकेपर्यंत वाट कुठून गेलीस, कंडक्टर कसा होता, मनात आधी काय आलं. ताई सांगायची, आणि मधेच दरडावायची, “आसं नाय. मी रडले नव्हते. रडण्याचं काढ.” सारिका काढायची.

मुदतीच्या दिवशी ती विभागात गेली. मी बरोबर होते. तिनं टेबलावर पेन ड्राइव्ह ठेवला आणि म्हणाली, “मॅडम, ही छापता येत नाही.”

“म्हणजे? तुला पदवी नको का?”

“पाहिजे. पण हिच्यातली एकच वाट छापली तर ती खोटी ठरंल. माझी बहीण जित्ती हाय, मॅडम. ती वाचणार.”

मॅडमनी पेन ड्राइव्ह उचलून पाहिला, जणू त्यातून काही बाहेर पडेल, आणि परत ठेवला. निकालात तिच्या नावापुढं प्रकल्प अपूर्ण असा शेरा आला. माझ्या नावापुढं प्रथम श्रेणी. मी ग्रामीण कादंबरीतल्या निसर्गवर्णनांवर लिहिलं होतं. माझा प्रबंध कुणी उघडून पाहिला असेल असं मला वाटत नाही, पण त्याच्या पानांना क्रमांक होते.

सारिकाचं वर्ष गेलं. एका जागेसाठी तिला अर्ज करता आला नाही. पुढच्या वर्षी तिनं म्हणींवर एक आज्ञाधारक प्रबंध बांधून दिला आणि पदवी घेतली. आता ती तालुक्याला एका शाळेत शिकवते आणि सुट्टीत पोरींना निळ्या शब्दांच्या गोष्टी करायला बसवते. तिला विचारलं तर म्हणते, “जाऊ दे ना आता.” मी जाऊ देत नाही. एक अख्खं वर्ष! गेल्या महिन्यात शहरातच एक चर्चासत्र होतं, डिजिटल युगातील मराठी साहित्य. फाटकावर फ्लेक्स, त्यावर सगळ्यांचे हसरे चेहरे, आणि बीजभाषणाला तेच परीक्षक. छापलेल्या कागदावरून त्यांनी वाचून दाखवलं की मराठीत अरेषीय, परस्परसंवादी कथनाचे प्रयोग होत नाहीत, ही खेदाची बाब आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठले आणि म्हणाले, “झाला होता, सर. तुम्हीच अपूर्ण ठरवला.” त्यांना आठवलं नाही. त्यांना खरंच आठवलं नाही, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. सूत्रसंचालकानं वेळेअभावी प्रश्न थांबवले आणि जेवणाची सूचना दिली.

पण त्या उन्हाळ्यातली शेवटची गोष्ट निकालाच्या नंतरची आहे. अपूर्ण शेरा पडल्यावर सारिका म्हणाली, “चल, ताईला दाखवू. तिनं तपासलेलं चालतं मला.” पुन्हा तीच एस्टी, तीच जीप. ताई दोन दिवसांत सासरी जाणार होती. दाराशी तिची पिशवी भरलेली. माय ओसरीवर मिरच्या खुडत होती आणि तिखट वाऱ्यानं आम्ही सगळ्या शिंकत होतो.

ताईनं फोन घेतला. नव्या पानांवर ती सावकाश गेली. आबाच्या पानावर ती थांबली, एकदा सारिकाकडं पाहिलं, आणि पुढं झाली. मग ते पान आलं. सडक, ऊन, थांबलेली एस्टी, पायरीवर एक पाय. खाली दोन निळे शब्द.

ताईचा अंगठा पडद्यावर तरंगत राहिला. तिनं दाबलं नाही. ती उठली, मायच्या शेजारी जाऊन बसली आणि फोन तिच्यासमोर धरला. मायला वाचता येत नव्हतं.

“काय हाय?” मायनं विचारलं.

“एस्टी थांबली हाय, माय. मी पायरीवर हाय. बसू का माघारी येऊ?”

मायनं हात पदराला पुसले. पुन्हा पुसले. “ह्यातलं बस कंचं आन् माघारी कंचं?”

“हे बस. हे माघारी.”

मायनं बोट पुढं केलं. नीट बघून, तिनं वरच्या शब्दावर दाबलं. पान बदललं. ती घाबरून मागं सरली. “काय झालं? बिघडलं का?”

“नाय. बसले मी.” ताईनं वाचलं, “गाडी सुटली. मागं धुरळा उडाला. कंडक्टर तिकिटाची पेटी वाजवत तिच्यापाशी आला आणि म्हणाला, कुठं जायचं, पोरी?”

तिथं पुन्हा निळे शब्द होते. ताईनं ते पाहिले नाहीत. तिनं मान वर केली आणि ओसरीत, मिरच्यांच्या त्या ढिगाशेजारी, मोठ्यानं सांगितलं,

“खुलताबाद. एक.”